यूकेत नर्स म्हणून आल्यावर एका जिवाने किती कामं करायची? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची मिरजेकडची. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, पुण्यात आठ वर्षं आयसीयूत काढली, त्यातली शेवटची तीन इन-चार्ज म्हणून, आणि आता चार वर्षं झाली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. इथे नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी, तिकडे सासू-सासरे आणि माझी आई. दर आठवड्याला कोणी ना कोणी, मैत्रिणीची मैत्रीण, मावसबहिणीची नणंद, नंबर शोधून मेसेज करते आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. परीक्षेची पुस्तकं न् क्लास यावर इथे काही नाही, ते बाहेर ढीगभर मिळतं. इथे आल्यावर तुम्ही एकाच दिवसात वॉर्डातली शिकाऊ, घरातली कमावती, गावाकडच्यांची फोनवरची डॉक्टर आणि बाकी सगळ्यांची दुभाषी होता, आणि ह्यातलं कुठलं काम आपलं न् कुठलं नाही हे कोणी शिकवत नाही. त्याच्याबद्दल लिहितेय.

ताई, तिकडे उतरल्या दिवसापासून आपण नर्सच ना?

नाही. हा पहिला धक्का. भारतातून सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा पास करून, आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा काढून येता तरी इथे ओस्की नावाची प्रॅक्टिकल परीक्षा पास होऊन एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग काउन्सिलचा, पिन नंबर हातात पडेपर्यंत तुम्ही रजिस्टर्ड नर्स नसता. तोवर बहुतेक ठिकाणी बँड ४ वर, म्हणजे खालच्या पगारश्रेणीत ठेवतात, युनिफॉर्मचा रंग वेगळा, औषधाच्या ट्रॉलीला एकटीने हात लावायचा नाही. पिन आला की बँड ५. पगाराचं म्हणाल तर २०२५-२६ ला इंग्लंडमध्ये बँड ४ ची सुरुवात वर्षाला २७,४८५ पाउंड आणि बँड ५ ची ३१,०४९, म्हणजे फरक पैशाचाही आहे पण मला टोचला तो युनिफॉर्मचा. पुण्यात माझ्या हाताखाली अकरा जणी होत्या आणि इथे एक बावीस वर्षांची पोर मला ग्लुकोमीटर कसा धरायचा ते दाखवत होती. अगदी गोड बोलून दाखवत होती, त्याने तर अजूनच वाईट वाटलं.

ड्युटी, पोर आणि ओस्कीचा अभ्यास, तिन्ही कसं जमवलंस?

नीट जमलं नाही, रेटलं. ओस्कीत १० स्टेशन असतात आणि जे काही करता ते मोठ्याने बोलून करायचं, मनातल्या मनात केलेलं धरत नाहीत. आपल्याकडे गप गुमान काम करायची सवय, त्यामुळे हात बरोबर चालतात आणि तोंड बंद राहतं. मी नवऱ्याला सोफ्यावर झोपवून रोज रात्री त्याचं नाव, जन्मतारीख, ॲलर्जी विचारायचे, हातातला पट्टा म्हणून त्याच्या मनगटाला केसाचा रबर. सीपीआर उशीवर. मुलगी बाजूला बसून यादी बघायची आणि "आई तू ॲलर्जी विचारली नाहीस" म्हणून ओरडायची, आणि खरं सांगते, परीक्षेत त्या एका ठिकाणी मला तिचा आवाज ऐकू आला.

एक करा. ते दोन-तीन महिने घरच्या सगळ्यांना, तिकडच्यांनासुद्धा, आधीच सांगून टाका की मी फोनला नसेन. पाहुणे नाहीत, कोणाच्या बारशाला नाही, जादा शिफ्ट नाही. मी हे सांगितलं नव्हतं. रविवारी दोन-दोन तास व्हिडिओ कॉलवर बसायचे आणि मग रात्री एकला पुस्तक उघडायचे.

माझं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. अडेल का?

अडत नाही पण वेळ खातं, आणि हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांचाच. मार्कशीटवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नवऱ्याचं, काउन्सिलच्या कागदावर तिसरंच स्पेलिंग. लग्नाचं सर्टिफिकेट काढलेलं नसेल तर आजच काढा, त्यानेच दोन नावं जोडली जातात. सगळीकडे एकच नाव करून मग अर्ज करा, अर्ज करून मग नाव बदलायला जाऊ नका. माझे सात आठवडे फक्त एका जास्तीच्या 'ए' अक्षरापायी गेले.

काम तर तेच असणार, पेशंट ते पेशंट. वेगळं काय आहे?

पेशंट तेच, काम वेगळं. आपल्याकडे पेशंटला पुसणं, कपडे बदलणं, बेडपॅन देणं हे मावशी करतात, नाहीतर नातेवाईक करतात, सिस्टर इंजेक्शन, सलाईन, फाईल बघते. इथे मावशी नाहीत. हेल्थकेअर असिस्टंट असतात पण ते आणि तुम्ही मिळून सगळं करायचं, आणि नातेवाईक भेटायच्या वेळेत येऊन फुलं-बिलं ठेवून जातात.

पहिल्या आठवड्यात मला एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांना सकाळी एकटीने अंघोळीसारखं पुसून काढायला सांगितलं. आठ वर्षांत मी व्हेंटिलेटर लावलेत, पण एका शुद्धीवरच्या माणसाला, तेही परक्या देशातल्या बापाच्या वयाच्या पुरुषाला, कोमट पाण्याने पुसायचं म्हटल्यावर माझे हात अवघडले. त्यांनाच ते कळलं. म्हणाले, तोंड आणि पुढचं मी करतो, तू पाठ बघ. मग टॉवेल खांद्यावर टाकून घेतला आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. त्या दहा मिनिटांत मला त्यांच्या टाचेवरचं लाल झालेलं दिसलं, आदल्या दिवशीच्या कागदावर नव्हतं ते. तेव्हापासून ह्या कामाला मी हलकं म्हणत नाही. पेशंट खरा तेव्हाच बघून होतो.

उलट काही गोष्टी तिकडे डोळे मिटून करायचो त्या इथे करू देत नाहीत. शिरेतून औषध देणं, कॅन्युला लावणं ह्याला इथलं ट्रेनिंग आणि कोणाची तरी सही लागते. तुम्ही हजार लावले असतील, सही नाही तर हात लावायचा नाही. राग येतो, यायचाच, पण तिथे हट्ट केला तर ते तुमच्या रजिस्ट्रेशनवर येतं.

आणि डॉक्टरला सर नाही म्हणायचं. कन्सल्टंटला पण नावाने हाक. मला वर्ष लागलं. ह्याच्याशी जोडलेलं महत्त्वाचं म्हणजे विचारायला शिकणं. इथे न्यूज-टू नावाचा चार्ट असतो, श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप ह्यांना मार्क देऊन बेरीज करायची, ५ झाली की तातडीने डॉक्टरला बोलवायचं आणि ७ किंवा जास्त झाली की इमर्जन्सी. डॉक्टर आला नाही तर पुन्हा फोन, मग त्याच्या वरच्याला फोन. "सरांना सांगितलं होतं" हे उत्तर इथे चालत नाही, सांगून काही झालं नाही तेव्हा तू काय केलंस असं विचारतात.

जाता जाता, इथे 'सिस्टर' हे पद आहे, वॉर्डची मोठी बाई. मी पहिल्या दिवशी सगळ्यांनाच सिस्टर म्हणत होते, दोघी-तिघींना प्रमोशन झाल्यासारखं वाटलं.

इंग्रजी परीक्षेत चांगले मार्क आहेत, मग बोलण्याची भीती कशाला?

आयईएलटीएसला ऐकणं, वाचणं, बोलणं ह्यात ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात, ओईटीला तीन बी आणि लिहिण्यात सी प्लस. ते आणलेत म्हणजे तुमचं इंग्रजी बरं आहे. पेशंटचं इंग्रजी मात्र वेगळं असतं. माझ्या दुसऱ्या आठवड्यात एक आजी म्हणाल्या, लव्ह, आय नीड टू स्पेंड अ पेनी. मला वाटलं त्यांना काहीतरी विकत घ्यायचंय. मी हसून सांगितलं, सुट्टे पैसे नाहीत माझ्याकडे, दुकान खाली आहे. त्या परत म्हणाल्या. मी परत हसले. पाच मिनिटांनी चादर ओली झाली आणि आजी भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. त्याचा अर्थ लघवीला जायचंय. जुनी माणसं असंच बोलतात. मी माफी मागितली, चादर बदलली, आणि स्टोअररूममध्ये जाऊन स्वतः रडले.

त्यानंतर खिशात छोटी वही ठेवली. 'पूअरली' म्हणजे आजारी. 'बंग्ड अप' म्हणजे पोट साफ नाही किंवा नाक चोंदलंय, हात कुठे ठेवलाय ते बघायचं. 'नॉट टू बॅड' म्हणणारा पेशंट बरा पण असू शकतो आणि फार दुखत असलेला पण. आणि उत्तरेकडे 'टी' म्हणजे रात्रीचं जेवण, चहा नेऊन देऊ नका, मी नेला होता. नाही कळलं तर सरळ विचारा, नवीन आहे, म्हणजे काय सांगा. कोणी हसत नाही. हसलं तर हसू दे, चादर तरी कोरडी राहते.

वॉर्डात कोणी भारतीय पेशंट आला की मलाच बोलावतात भाषांतराला. करावं की नाही?

पाणी हवंय का, उशी वर करू का, भूक लागलीय का, एवढ्याला खुशाल करा, त्या माणसाला किती बरं वाटतं. मला एक नाशिककडच्या काकू भेटल्या होत्या, मुलाकडे आलेल्या, चार दिवस गप्प पडून होत्या आणि मी "काय काकू, चहा घेणार?" म्हटल्यावर हात धरूनच ठेवला. पण ऑपरेशनची संमती, रोगाचं नाव सांगणं, औषध बदलणं असलं काही असेल तर फोनवरचा दुभाषी मागवा, प्रत्येक हॉस्पिटलला ती सोय असते. एक तर तुम्हाला स्वतःचे सहा-आठ पेशंट आहेत, तुम्ही पलीकडच्या वॉर्डला अर्धा तास गेलात तर ते कोण बघणार. दुसरं, भाषांतर चुकलं तर अंगाशी तुमच्या. आणि ह्यांना वाटतं भारतीय म्हणजे सगळ्या भाषा येतात, मला एकदा तमिळसाठी बोलावलं होतं. मुलाला न् सुनेलाही दुभाषी करू नये ते ह्याचसाठी, घरचे वाईट बातमी गाळूनच सांगतात. आपणही तेच करतो की.

मी कमावती आणि नवरा डिपेंडंट, माझ्या व्हिसावर आलेला. घरी ताण येतो. तुमच्याकडे?

आला होता, भरपूर. ह्यांची तिकडे चांगली नोकरी होती, इथे पहिले पाच महिने काही नाही, मग वेअरहाऊसला रात्रपाळी. कायद्याने डिपेंडंटला जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते, अडचण कायद्याची नसते, मनाची असते. कोणी विचारलं काय करता तर हे खिडकीबाहेर बघायचे. आणि मी बारा-साडेबारा तासांची ड्युटी करून घरी येऊन भांडी परत विसळायची कारण ती 'माझ्यासारखी' घासलेली नसायची.

एक दिवस ह्यांनीच सुनावलं. "वॉर्डात हँडओव्हर दिल्यावर तू रात्रीच्या नर्सच्या मागे फिरतेस का? मग घरी का फिरतेस?" मला काही उत्तरच सुचलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे फ्रिजवर हँडओव्हर असतो, थट्टेत सुरू झाला आणि राहिला. परवाचा असा होता: "नाक वाहतंय, ताप नाही. डब्याला बटाटा-पोळी, केचप मागेल, देऊ नका. उद्या पीई, बूट बॅगेत. कणीक वरच्या कप्प्यात. लायब्ररीचं पुस्तक हरवलंय, सोफ्याखाली बघितलं, नाही." खाली ह्यांचं उत्तर, "पुस्तक फ्रिजवर होतं, ह्याच कागदामागे." ज्याची पाळी त्याचं घर. भाजी खारट झाली तरी बोलायचं नाही. हे जमवायला मला परीक्षेपेक्षा जास्त कष्ट पडले.

शाळा नऊला आणि ड्युटी साडेसातला. मुलांचं काय करता?

बरेच जण इथेच अडकतात. शाळेत ब्रेकफास्ट क्लब असतो, आमचा पावणेआठला उघडतो, म्हणजे साडेसातच्या ड्युटीला तोही उपयोगाचा नाही. दोघांच्या पाळ्या उलटसुलट लावून भागवतो. घ्यायचं ठरवलं तर नोंदणी केलेली चाइल्डमाइंडर, म्हणजे मुलं सांभाळणारी बघा, पैसे जातात पण जीव शांत राहतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना इंग्लंडमध्ये आठवड्याला १५ तास नर्सरी मोफत मिळते, व्हिसा कुठलाही असो. त्याच्या पुढचे जे नोकरदार आईबापांचे ३० तास म्हणतात ते मात्र दोघांच्याही व्हिसावर पब्लिक फंड, म्हणजे सरकारी मदत, नाही असं लिहिलेलं असेल तर मिळत नाहीत. चाइल्ड बेनिफिटचं, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी पैशाचं, तेच. कोणीतरी सांगतं "भर गं फॉर्म, मिळतो," भरू नका, व्हिसाला त्रास होईल.

ड्युटीची वेळ बदलून मागायचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. एप्रिल २०२४ पासून कायदाच तसा झालाय, वर्षातून दोनदा अर्ज करता येतो आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. नाही म्हणू शकतात पण कारण द्यावं लागतं. लाजू नका. मी दोन वर्षं लाजले, मग अर्ज केला आणि तीन आठवड्यांत मंगळवार-गुरुवारच्या सकाळी सुटल्या.

आणि मुलाला घरी एकटं ठेवायचं का, तर कायद्यात वय लिहिलेलं नाही, पण धोका होईल असं ठेवणं गुन्हा आहे. आपल्या चाळीत शेजारची काकू असायची. इथे शेजारच्या काकूंचं नाव कळायला मला चौदा महिने लागले. नर्स आहात, सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना धोक्यापासून जपायचं, ट्रेनिंग तुमचंच झालेलं असतं, कारण सांगायला तोंड राहत नाही.

नाईटनंतर झोप येत नाही, घरकाम दिसतं. काय करू?

दार बंद, फोन दुसऱ्या खोलीत, खिडकीला काळा पडदा. जून महिन्यात इथे पहाटे साडेचारला ऊन येतं. तिकडचे फोन सकाळी येतात कारण त्यांची दुपार असते, हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, तो तक्ता सासूबाईंच्या कॅलेंडरवर चिकटवून आलेय. गाडी चालवत घरी येताना डोळा लागत असेल तर थांबा, डुलकी काढा, मग निघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्या रात्रीची नाईट एक तास लांब असते, पहिल्या वर्षी मला वाटलं मशीन बिघडलं.

जादा शिफ्ट किती कराव्यात? पैसे तर हवेतच.

फुल टाइम म्हणजे आठवड्याला ३७.५ तास. बँड ५ ला शनिवार आणि रात्रीचे ३० टक्के वर मिळतात, रविवार आणि बँक हॉलिडेचे ६० टक्के, म्हणून पाळी लावतानाच थोडं डोकं लावलं तर जादा शिफ्टशिवायही पगार बरा होतो. दुसरीकडे जादा काम करायचं तर व्हिसाप्रमाणे आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, तेही ठरलेल्या तासांच्या बाहेर.

पहिल्या वर्षी माझ्या मते शून्य. मी उलट केलं. गावचं कर्ज, नणंदेचं लग्न, आणि बँक शिफ्टचा, म्हणजे हॉस्पिटलच्या जादा शिफ्टचा, मेसेज आला की हात आपोआप 'येस' वर. एका महिन्यात सतरा शिफ्ट केल्या आणि अठराव्या दिवशी एका पेशंटचं संध्याकाळचं औषध दोन तास उशिरा दिलं. नुकसान काही झालं नाही, मी स्वतः रिपोर्ट केलं, मॅनेजर चांगली बोलली. पण टॅक्स न् बाकीचं कापून त्या सतरातल्या जादा शिफ्टचे जे हातात आले त्यातले निम्मे टॅक्सी आणि बाहेरच्या खाण्यावर गेले होते, हिशोब लिहून बघितला तेव्हा कळलं. आता महिन्याला एक, तीही रविवारची, आणि त्याचा पैसा कशाला ते आधी ठरलेलं.

पेन्शन बंद करून हातात जास्त घ्यावं का असंही विचारतात. मी नाही केलं बंद. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तुमच्या वाट्यावर मालकाचा वाटा पगाराच्या २३.७ टक्के पडतो, असा सौदा दुसरीकडे कुठे मिळणार.

गावाकडचे सगळे फोनवर औषध विचारतात. नाही म्हटलं तर "परदेशात गेली न् शेफारली".

हो, म्हणतातच. चुलत दिराने एकदा छातीत दुखतंय म्हणून ईसीजीचा फोटो पाठवला, तिरका, अर्धा कापलेला, आणि मी वॉर्डात होते. चार तासांनी बघितला. तोवर तो माझ्या उत्तराची वाट बघत घरी बसला होता. सुदैवाने पित्ताचं निघालं. पण तो चार तास बसला ते माझ्यामुळे बसला. मी बघेन अशी सवय त्याला मीच लावली होती.

आता मी दोनच गोष्टी करते. एक, छातीत दुखणं, श्वास, एका बाजूची ताकद जाणं, शुद्ध हरपणं असलं काही असेल तर मला फोन करायचाच नाही, १०८ ला करायचा, हे मी सगळ्यांना आवाजात रेकॉर्ड करून पाठवलंय कारण लिहिलेलं कोणी वाचत नाही. दोन, बाकी असेल तर डॉक्टरांनी काय सांगितलं ते समजावून देते, कुठले प्रश्न विचारायचे ते सांगते. गोळीचं नाव सांगत नाही. एनएमसीची आचारसंहिता ड्युटीपुरती नसते, आणि न बघता, न तपासता सांगणं हे इकडेही चूक आणि तिकडेही. सासूबाईंची शुगर मात्र रोज बघते. तिथे मी नर्स नाही, सून आहे.

इथले मराठी लोकही विचारतात हं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात धरून रिपोर्ट दाखवणारे असतात. त्यांना मी जीपीकडे, त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवते, मोदक मात्र घेते.

मंगळसूत्र, बांगड्या, टिकली चालते का?

कोपराच्या खाली काही नाही, हा नियम सगळीकडे. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, नेलपेंट नाही, साधी एक अंगठी चालते. मंगळसूत्राचं ठिकाणाप्रमाणे बदलतं, मॅनेजरला विचारा. मी आखूड वाटी कपड्यांच्या आत ठेवायचे, मग एका गोंधळलेल्या पेशंटने ओढलं, तेव्हापासून घरीच. टिकलीला माझ्याकडे कोणी काही म्हटलेलं नाही.

दिवाळी-गणपतीला सुट्टी मिळते?

सुरुवातीला वर्षाला २७ दिवस रजा आणि वर ८ बँक हॉलिडे. आगाऊ मागितली तर मिळते, आदल्या महिन्यात मागितली तर नाही. इथे पाळीच्या तक्त्याला 'ऑफ ड्युटी' म्हणतात, नाव ऐकून खूश होऊ नका. माझा सौदा ठरलेला आहे. ख्रिसमसला मी येते, मला लक्ष्मीपूजन द्या. माझ्याबरोबरची एक मुलगी आता जानेवारीतच येऊन विचारते, ह्या वर्षी तुझी दिवाळी कधी गं.

तिकडे इन-चार्ज होते, इथे परत शून्यापासून. बँड ६ कधी?

अनुभव आहे म्हणून आपोआप देत नाहीत, जागा निघते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. मुलाखतीत आपण "आम्ही केलं" म्हणतो आणि त्यांना "मी केलं" ऐकायचं असतं. माझं पहिल्या वेळी ह्याच्यावरच गेलं. दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशनला, म्हणजे एनएमसीचं रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायला, ४५० तास काम, ३५ तास शिक्षण, पाच अभिप्राय आणि पाच स्वतःचे अनुभव लिहून द्यायचे असतात, ते अनुभव महिन्याच्या महिन्याला लिहीत जा, मुलाखतीलाही तेच कामाला येतात. आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा. परत जायचं नसलं तरी ठेवा.

एजंट पैसे मागतोय. आणि इथून लवकर नोकरी सोडली तर?

इंग्लंडच्या भरतीच्या नियमांप्रमाणे एजंटने नर्सकडून फी घ्यायचीच नसते. मागतोय म्हणजे दुसरा बघा. करारात मात्र लवकर सोडल्यास तिकीट, परीक्षा वगैरेचा खर्च परत करायची अट असू शकते, सही करायच्या आधी आकडा आणि तो दर महिन्याला कसा कमी होतो ते लिहून घ्या. व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, नवीन ठिकाणी जायचं तर आधी नवी स्पॉन्सरशिप आणि व्हिसा, मग राजीनामा. नोकरी गेली तर साधारण ६० दिवस मिळतात. आणि केअर वर्करच्या व्हिसाशी गल्लत करू नका, त्यांना मार्च २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही आणि जुलै २०२५ पासून बाहेरून भरतीच बंद आहे. कायम राहण्यासाठी ५ वर्षांची १० करायचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडलाय, त्यामुळे ह्या बाबतीत कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा, सरकारी साइटच बघा.

खूप खचायला होतं. कोणाला सांगू?

आधी आजारी असाल तर आजारी म्हणा. सात दिवसांपर्यंत डॉक्टरचा कागद लागत नाही, पहिल्या वर्षीही एक महिना पूर्ण आणि दोन महिने अर्धा पगार मिळतो. आपण तापात कामाला जातो आणि त्याचा अभिमान धरतो, इथे मॅनेजर घरी पाठवते आणि वर ओरडते, पेशंटना देशील म्हणून. कोणी टोचून बोलत असेल, रंगावरून, उच्चारावरून, तर तारीख-वेळ लिहून ठेवा, युनियनमध्ये आधीच असा, आणि प्रत्येक ट्रस्टला, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेला, तक्रार ऐकून घेणारा फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन असतो त्याच्याकडे जा. मी एकदा गेले होते. लगेच सगळं सुधारलं असं नाही, पण पुढच्या महिन्यापासून माझे आणि त्या बाईचे नाईट एकत्र लागले नाहीत.

सासूबाईंना किंवा आईला मुलांना सांभाळायला आणता येईल?

डिपेंडंट म्हणून नाही. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत येतात, भेटायला म्हणून. आल्यावर आजी नातीला सांभाळते त्याला हरकत नाही, पण सांभाळायला म्हणूनच बोलावलंय असं लिहू-बोलू नका आणि तसं करूही नका. विमा काढल्याशिवाय आणू नका, व्हिजिटरला हॉस्पिटलचं बिल दीडपट लागतं. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

सासूबाई मागच्या मेमध्ये आल्या. पहिल्या रात्री मी ड्युटीवरून आले तर फ्रिजवरच्या कागदावर ह्यांच्या अक्षराखाली त्यांचं अक्षर होतं, मोडीसारखं तिरकं, "शुगर ११८. पोरगी जेवली. भांडी मी घासली, परत घासू नये."